रागाचं दूध

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही सिस्टर ओदेतने दिली. वर मांजराचं चित्र आहे. म्हणाली, "कासिल्दा, राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची." मी म्हटलं, "सिस्टर, मग अशा डझनभर आणून ठेवा." ती हसली नाही. माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला होता, आणि ती आकड्याकडे बघत होती.

तर मी कासिल्दा. वय अडतीस, सातवा महिना, पहिलटकरीण. अत्लिस्को ते मेतेपेक वडाप चालवते. स्वतःची पांढरी काँबी आहे, सीटा बारा, बसतात अठरा. या रस्त्यावर माझा आवाज माझ्या हॉर्नच्या आधी पोचतो असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं! आता डॉक्टरांनी गाडी बंद, मीठ बंद, भांडण बंद केलंय. डाव्या कुशीवर पडून राहायचं. रक्तदाब असाच चढत राहिला तर मूल वेळेआधी काढावं लागेल म्हणतात. आणि वेळेआधी आलेल्या मुलाला आईचं पहिलं दूध औषधाइतकंच लागतं. म्हणून आमच्यासारख्या जोखमीच्या बायकांसाठी दवाखान्यात दर बुधवारी वर्ग भरतो. मूल यायच्या आधीच पाजायला शिका.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला बाळंतपणाची भीती नाही, दुधाची आहे. आईला राग आला की तिचं दूध नासतं आणि पोराला बाधतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई सांगायची, "तुला मी अंगावर पाजलंच नाही, तुझ्या वेळी मी सारखी चिडलेली." आणि मी तर तिच्या दुप्पट. हे सगळं थोतांड आहे असं मी गाडीत बसून कितीतरी जणींना ठणकावून सांगितलंय. पण तेव्हा माझ्या पोटात कुणी नव्हतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

वर्गाला गेले. सिस्टर ओदेतने पिशवीत हात घातला आणि लोकरीने विणलेली थानं बाहेर काढली. प्रत्येकीला एक. माझ्या वाट्याला हिरवं आलं.

शेजारी एर्मिनिया बसली होती. तिला साखरेचा त्रास, वर जुळी. म्हणाली, "सिस्टर, हिचं अजून पिकायचंय वाटतं." तिथेच माझी तिच्याशी गट्टी जमली.

अंगठा वर, बोटं खाली. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. ओढायचं नाही, घासायचं नाही. मी दाबलं. सिस्टर म्हणाली, "कासिल्दा, हॉर्न नाहीये तो." पुन्हा दाबलं. "समोर ट्रक नाहीये, हळू." सगळ्या बायका खिदळायला लागल्या, मीही.

पहिले दिवस म्हणे थेंबच येतात, पिवळे आणि घट्ट. बाळाचं पोटही तेवढंच असतं. थेंब बघून रडत बसायचं नाही, थेंब वेचायचे. बाळ काचेच्या पेटीत असलं तर दर तीन तासांनी हाताने काढायचं आणि सिस्टर ते त्याला देतील. मी सगळं डोक्यात ठेवलं. मला कुठे काय वळायचं ते एकदा सांगितलं की पुरतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

माझा नवरा फिदेन्सियो. हा शिंपी, शाळेचे गणवेश शिवतो. सध्या सकाळ-संध्याकाळ माझी गाडी चालवतो. आवाज इतका बारीक की उतरणारे उतरून जातात आणि हा मागून त्यांना पैसे मागतो.

मला लाडाने जाडी म्हणतो. आज जेवताना म्हणाला, "जाडे, तू शांत आहेस ना?"

"आहे."

"नक्की?"

"फिदेन्सियो! मी शांत आहे!"

"उजव्या बाजूचा आरसा गेला."

"कुठे गेला?"

"एका ट्रकबरोबर."

मी श्वास घेतला. नाकाने आत, तोंडाने बाहेर, सिस्टरने शिकवलाय तसा. फिदेन्सियो माझ्याकडे टक लावून बघत होता. ही आता ओरडू शकत नाही, हे त्याच्या डोक्यात लख्ख उजाडताना मी समोर बसून बघितलं. त्याचा चेहराच उजळला. मग एका दमात म्हणाला, "हॉर्नपण वाजत नाही, मागची सीट फाटलीय, मेतेपेकच्या चढावरच्या म्हातारीला मी दारापर्यंत सोडतो आणि पैसे घेत नाही, आणि आई उद्यापासून आपल्याकडे राहायला येतेय."

अकरा वर्षांच्या संसारात हा माणूस एका वेळी इतकं कधी बोलला नव्हता.

रविवार, ९ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. डोन्या युफ्रोसिना, म्हणजे युफ्रोसिनाबाई. हातात टोपली, टोपलीत बोलियो पाव, वर फडकं. दचकलं की पाव खायचा, म्हणजे पित्त उसळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण सासूबाई पाव एप्रनच्या खिशात घेऊनच फिरतात. दार आपटलं, घे पाव. कुत्रं भुंकलं, घे पाव. फिदेन्सियो गाडी घेऊन परत आला आणि खाली मान घालून उभा राहिला. सासूबाईंनी कारण न विचारताच माझ्या तोंडात पाव कोंबला.

आणि सारखं एकच पालुपद: "चिडू नकोस पोरी. दूध नासेल." पाणी आणून देताना तेच. उशी सरकवताना तेच. मी खिडकीतून ज्वालामुखीच्या डोंगराकडे बोट दाखवलं. सकाळपासून धुमसतोय, अख्ख्या गावावर राख उडतेय. म्हटलं, "त्याला सांगा की जरा शांत राहायला." सासूबाई म्हणाल्या, "त्याला कुणाला पाजायचं नाहीये."

वर्गात काय शिकवतात ते मी सांगायला गेले तर म्हणाल्या, "माझी चार बाळंतपणं झाली, मला शिकवू नकोस." मुलं तीन आहेत. फिदेन्सियो आणि माझ्या दोन नणंदा. वयापरत्वे हिशेब चुकायला लागलाय, बिचारीचा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सासूबाई आज वर्गाला आल्या. लोकरीची थानं बघून छातीवर क्रुसाची खूण केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "सिस्टर, आईला राग आला की दूध नासतं का हो?"

सिस्टर ओदेत म्हणाली, "नाही. राग दुधात उतरत नाही. चिडलेली असलीस तर थेंब सुटायला वेळ लागेल, एवढंच. श्वास घ्यायचा, बाळाकडे बघायचं, येतं. नासत काही नाही. आणि टाकायचं तर मुळीच नाही."

एर्मिनियाने मला कोपर मारलं. मी मागे वळून सासूबाईंकडे बघितलं आणि हसले, मला काय, संधी सोडवत नाही. तेवढ्यात सासूबाई शाळेतल्या पोरीसारखा हात वर करून उभ्या राहिल्या.

"आणि कुणी टाकलं असेल तर?"

"नवीन येतं, डोन्या."

"आणि ते येईपर्यंत बाळाला काय द्यायचं?"

"ती वेळच येऊ नये, म्हणून टाकायचं नाही."

"बडिशेपेचं पाणी चालतं का?"

"नाही चालत. इतक्या लहान बाळाला नाही चालत."

सासूबाई खाली बसल्या. दिवसभर "चिडू नकोस" नाही की पाव नाही. सगळ्यांसमोर खोट्या पडल्या म्हणून फुगल्या असणार. मला जरा वाईट वाटलं, पण कानांना बरं वाटलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

"चिडू नकोस" पुन्हा सुरू झालं. तीन वेळा राग गिळला. चौथा गिळताना उचकी लागली. पाव मिळाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज नवऱ्यांचा दिवस होता. बाळ अशक्त असलं की बापाने शर्ट उघडून त्याला छातीशी धरायचं, म्हणजे ते उबेत राहतं आणि आईला जरा पाठ टेकता येते. एर्मिनियाच्या नवऱ्याने सरावाला दिलेली बाहुली अशी धरली की जणू ती चावणार आहे. आमच्या फिदेन्सियोने बटणं सोडली, बाहुली छातीवर ठेवली, तिचं डोकं एका बाजूला वळवलं, वरून चादर घेतली आणि डुलायलाच लागला. मग सिस्टरने त्याला माझं हिरवं थान दिलं. आयुष्यभर सुईदोरा धरलेली बोटं ती! "बघा," सिस्टर म्हणाली, "असं. कासिल्दा, नवऱ्याकडून शीक." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "सिस्टर, मग पाजायचंपण त्यालाच सांगा."

घरी जाताना त्याने मागच्या दरवाजाला पडलेला पोचा कबूल केला. तेव्हा मी त्याच्यावर इतकी खूश होते की पोचा सोडून दिला. मूर्ख मी.

सासूबाईंनी आज पुन्हा तोच प्रश्न विचारला. टाकलेलं दूध परत येतं का, किती वेळाने येतं. एर्मिनिया माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या सासूला ऐकू कमी येतं का गं?" वर्ग सुटल्यावर सिस्टर ओदेत त्यांना बाहेर घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. सासूबाई आत आल्या तेव्हा डोळे लाल.

"काय झालं?"

"कांदा."

"दवाखान्यात?"

"चिडू नकोस पोरी," त्या म्हणाल्या, "दूध नासेल."

एवढं समजावूनही काही फरक नाही. सिस्टरचा वेळ फुकट.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

फिदेन्सियोचा नवा कबुलीजबाब. मुलगी झाली तर नाव युफ्रोसिना ठेवीन असा त्याने आईला लग्नाच्या वेळीच शब्द दिलाय.

"आणि मुलगा झाला तर?"

"युफ्रोसिनो."

मी उठले, अंगणात गेले, दोरीवरचे त्याचे सगळे मोजे एकेक करून पिळले. ते आधीच वाळलेले होते. आत सासूबाई त्याला म्हणत होत्या, "काही नको मला नावबिव. ते जितंजागतं हाताशी येऊ दे, मग गाढवाचं नाव ठेवा." एवढ्या प्रेमळ आवाजात बोलल्या की मी मोजे सरळ केले.

शनिवार, १ मार्च

एर्मिनियाला मुलगे झाले, दोन्ही! फोनवर किंचाळत होती. एकाची साखर उतरली होती, तर हिने लगेच हाताने थेंब काढले आणि सिस्टरने ते त्याला चाटवले. "कासिल्दा, पिवळंधमक अगं! लोण्यासारखं! मी स्वतः काढलं!"

मला आनंद झाला आणि हेवा वाटला, दोन्ही. फोन ठेवल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. एर्मिनिया आयुष्यात कुणाशी भांडली नसेल. तिला मांजर आडवं गेलं तरी ती त्याची माफी मागते. तिला येणारच. माझ्यातून काय येईल, देवच जाणे.

पाय सुजलेत. चपला घालता येत नाहीत, फिदेन्सियोच्या घालते.

गुरुवार, ६ मार्च

हे चाकाच्या खाटेवर लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, डोकं फुटेल असं दुखलं. सिस्टर ओदेतने पट्टा बांधला आणि दुसऱ्यांदा न बांधता म्हणाली, "पुएब्लाला मोठ्या हॉस्पिटलात. आत्ता."

रुग्णवाहिका बाहेर गेलेली. फिदेन्सियोने मला काँबीत घातलं. आणि मग माझ्या या सुईदोऱ्याच्या माणसाने गाडी अशी हाणली की मला माझी आठवण झाली. हॉर्न बंद, म्हणून खिडकीतून डोकं काढून स्वतःच ओरडत होता, "बाजूला हो रे रेड्या! बाजूला! माझी बायको आहे आत!" ट्रकवाल्यांना, बसवाल्यांना, एका ट्रॅफिक पोलिसाला. त्याला हे सगळे शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. मागे सासूबाई दोन्ही हातांनी माझं डोकं धरून बसल्या होत्या आणि कुणाशी तरी पुटपुटत होत्या, माझ्याशी नव्हे.

आता नेतायत. बाळा, जरा दम धर.

रविवार, ९ मार्च

मुलगी आहे. पोट कापून काढली, परवा पहाटे. आठवा महिना नुकता लागलेला, त्यात पोटात नीट वाढलेली नाही. माझ्या दोन तळहातांत मावेल. काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी. मला खुर्चीतून नेऊन दाखवली. ती रडत नाही. तोंड उघडते, बारीक कुईं असं काहीतरी येतं आणि पुन्हा गप्प पडते.

नळीतून तिला दूधपेढीतलं, दुसऱ्या कुणा आईचं दूध देतायत. देव त्या बाईचं भलं करो, पण पोरीचं पोट ते धरत नाहीये, अर्धं परत येतं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं पहिलं पिवळं थेंबभर मिळालं तरी फार बरं होईल. प्रयत्न करा. पण ताण घेऊ नका हं." ताण घेऊ नका! आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दर तीन तासांनी दूध काढायच्या खोलीत जाते. डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, हात कोपरापर्यंत धुवायचे. अंगठा वर, बोटं खाली. शिकवलेलं सगळं बरोबर करते. तिथली सिस्टर म्हणाली, तुम्हाला कुणी छान शिकवलंय. शिकवलंय छान, पण वाटी कोरडी.

मी एकदम शांत आहे. इतकी शांत की फिदेन्सियो घाबरलाय. सारखा विचारतो, "जाडे, काहीतरी बोल ना." काल म्हणाला, "गाडीचा समोरचा दिवापण फुटलाय." मी म्हटलं, "बरं." तो बाहेर जाऊन रडला.

मंगळवार, ११ मार्च

आज मी भांडले.

दुपारी तीनच्या वेळेला निघाले. टाक्यांमुळे भिंतीला धरून चालावं लागतं, मागे सासूबाई. पोचायला उशीर झाला. मुलांच्या विभागाच्या दारावर पहारेकरी असतो, मिशीवाला, खुर्चीतून न उठणारा. म्हणाला, "बाई, वेळ संपली. सहाला या."

मी शांतपणे सांगितलं की माझी मुलगी आत आहे, मला दूध काढायचंय.

म्हणाला, "काल आलात, परवा आलात. निघालं का काही? मग कशाला उगाच दमता? पडून राहा की."

मनाचा वाईट नसेल तो, हे मी आत्ता लिहिताना म्हणतेय. तेव्हा माझ्या पोटातून, टाक्यांच्या खालून, जे काही वर आलं ते मला आवरलं नाही. सव्वा महिन्याचं साठलेलं! "अरे ए टोपीवाल्या! ऊठ आधी खुर्चीतून! मेतेपेकच्या उतारावर तुझ्यासारखे पन्नास माझी गाडी बघून रस्ता सोडतात! आरसा फुटला मी गप्प बसले! हॉर्न गेला मी गप्प! महिनाभर बिनमिठाचं सूप प्याले, डाव्या कुशीवर झोपले, पोरीचं नाव युफ्रोसिना ठेवतायत तरी गप्प! आणि आता तू मला सांगणार पडून राहा? माझी पोर आत उपाशी आहे!"

तो बिचारा उभा राहून म्हणाला, "बाई, हॉर्नचं मला का सांगताय?"

"कारण तू दारात बसलायस!"

खोल्याखोल्यांतून बायका बाहेर आल्या. कुणीतरी टाळी वाजवली. कुणीतरी ओरडलं, "मलाही काल परत पाठवलं याने!" आतली सिस्टर धावत आली आणि त्याला म्हणाली, "आईला कोणतीच वेळ नसते, कितीदा सांगायचं?" त्याने दार उघडलं. टोपीही काढली.

आत जाऊन बसले. सिस्टरने पोरीच्या अंगाखालचं फडकं आणून दिलं, ते नाकाशी धरलं. तिचा वास पहिल्यांदाच नीट आला मला, पेटीच्या भोकातून येत नाही. श्वास घेतला. आत, बाहेर. किती वेळ गेला ठाऊक नाही. अंगठा वर, बोटं खाली.

आणि आलं. टाचणीच्या डोक्याएवढं. मग दुसरं. पिवळं. मी कुणाला हाक मारली नाही, श्वाससुद्धा जपून घेत होते. थेंबाला थेंब लागत वाटीचा तळ ओला झाला, आणखी जरा भरला.

आणि मग मला आठवलं की आत्ताच मी दारात काय काय ओरडून आलेय. हे दूध त्यातलं. सिस्टर ओदेतने काय सांगितलं ते मला पाठ होतं, मी स्वतः हसले होते त्यावर. पण पोर ती एवढीशी, नळीवर जगणारी, आणि माझ्या हातात ही वाटी. आईचा आवाज कानात: तुला पाजलंच नाही. मनात म्हटलं, हे नको. हे टाकते. शांत झाले की पुढचं देईन. मी उठून वाटी मोरीकडे नेली.

माझ्यामागून आत शिरलेल्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं. काय पकड त्या म्हातारीची!

"ओतायचं नाही."

"सासूबाई, तुम्हीच तर म्हणत होतात—"

"ओतायचं नाही म्हटलं ना! पहिल्याचं मी ओतलं, पोरी. नवऱ्याशी भांडण झालं, मोठं. आई म्हणाली दूध नासलंय, ओत. मी ओतलं. दिवसचे दिवस ओतलं. त्याला बडिशेपेचं पाणी देत होतो चमच्याने." माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "शेवटी तो रडायचासुद्धा नाही. गप्प पडून असायचा. आम्ही म्हणायचो, काय गुणी बाळ आहे."

चार बाळंतपणं. मी वहीत काय लिहिलंय ते आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

"मग मला का सारखं चिडू नकोस, चिडू नकोस?"

"मला दुसरं काय येतं?" सासूबाई म्हणाल्या. "वाटलं, तू चिडलीच नाहीस तर तुला कुणी ओत म्हणणार नाही."

मी वाटी आतल्या सिस्टरच्या हातात दिली. हात सुटत नव्हता, तिनेच सोडवून घेतली.

तिने सुईशिवायच्या पिचकारीत ते सगळं ओढून घेतलं, तळ पुसून घेतला. मी पेटीशी उभी. सासूबाई काचेच्या भिंतीपलीकडे, त्यांना पेटीपर्यंत सोडत नाहीत. सिस्टरने एक थेंब पोरीच्या गालाच्या आत सोडला. काही नाही. दुसरा सोडला. तिची जीभ बाहेर आली, इवलीशी, आणि तिने ओठ चाटले. तिसरा. चौथा. ती तोंड हलवायला लागली, शोधायला लागली. परत काही आलं नाही. सगळं पोटात राहिलं. पिचकारी संपली.

सिस्टरने ती बाजूला केली आणि पोरीचा चेहरा गोळा झाला. कपाळाला आठ्या, मुठी वळलेल्या, अंग टोमॅटोसारखं लाल. आणि मग ती ओरडली. कुईं नव्हे. पेटीच्या काचेतून बाहेर ऐकू येईल असं ओरडली. पलीकडच्या पेट्यांपाशी उभ्या असलेल्या आया वळून बघायला लागल्या.

"चिडली!" सासूबाई काचेवर दोन्ही हात आपटत होत्या. रडत होत्या, हसत होत्या. "बघा, चिडली! अहो सिस्टर, उभ्या काय राहिलात? भूक लागलीय तिला, अजून द्या!"

पहारेकरी म्हणाला, "आजी, काच फुटेल."

"काच गेली खड्ड्यात! पोर रडतेय माझी!"

या बाईचा आवाज चढलेला मी आजवर कधी ऐकला नव्हता. आतल्या सिस्टरने माझ्याकडे बघितलं. पोरगी ओरडतच होती. मी धुतलेली वाटी मागून घेतली आणि दूध काढायला परत बसले.